सहा फूट नऊ इंच, बेंचवर

माझी उंची सहा फूट नऊ इंच आहे आणि बनारसच्या गल्ल्या बांधणाऱ्यांनी मला विचारलं नव्हतं. दूधविनायकातल्या, म्हणजे इथल्या जुन्या मराठी वस्तीतल्या, आमच्या घरात मी चौतीस वर्षं राहतो, तरी जिन्याच्या चौकटीवर महिन्यातून एकदा कपाळ आपटतोच. आई म्हणते, "चौकट होती तिथेच आहे, तुझं लक्ष कुठे आहे ते बघ." आईची उंची चार फूट दहा इंच. आजवर तिच्यासमोर माझी उंची कधी कामाला आलेली नाही.

बाहेर मात्र आली. ह्या उंचीने मला रेल्वेत नोकरी दिली, दोनदा देशाची जर्सी दिली, आणि तीन वर्षांपूर्वी व्यावसायिक बास्केटबॉलची नवी लीग निघाली तेव्हा बनारसच्या संघात सेंटरची जागा दिली. सेंटर म्हणजे बास्केटखाली उभा राहणारा सगळ्यांत उंच गडी. हुकलेला चेंडू त्याने झेलायचा, समोरच्याचा वर जाणारा चेंडू त्याने अडवायचा. शाळेपासून मी दुसरं काही केलेलं नाही, आणि प्रामाणिकपणे सांगतो, दुसरं काही मला येतही नाही.

त्यामुळे जानेवारीत आमच्या कोच इंदू मॅडमनी मला बेंचवर बसवलं तेव्हा मी आठ दिवस त्यांच्याशी धड बोललो नाही.

मॅडम गोरखपूरच्या. स्वतः गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणून खेळ चालवणारी खेळाडू, पाच फूट तीन इंच, आवाज कधी चढत नाही. त्यांनी मला फोनवर आमच्याच एका मॅचचा तुकडा दाखवला. नऊ खेळाडू मैदानाच्या एका टोकाला पोचून खेळायला लागलेत आणि दहावा अजून मधल्या रेषेवर धापा टाकत येतोय. दहावा मी होतो. "प्रल्हाद, अब हम स्मॉल बॉल खेलेंगे," त्या म्हणाल्या.

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "म्हणजे गेंद लहान करणार?"

"गेंद तेवढाच राहणार. माणसं लहान करणार."

स्मॉल बॉल म्हणजे सेंटरला बसवायचं आणि पाचही जण बुटके, चपळ, लांबून नेम साधणारे घ्यायचे. त्यांना अडवायला समोरच्या उंच माणसाला बास्केट सोडून बाहेर यावं लागतं, आणि तो बाहेर आला की बास्केटखाली मोकळं रान. बचाव करताना पाचही जण सारखेच, म्हणून कुणीही कुणालाही धरू शकतो, माणसांची झटपट अदलाबदल करता येते. धोका एकच. समोरच्या सेंटरला बास्केटजवळ चेंडू मिळाला की त्याच्यापुढे हे पाच जण शाळकरी पोरं दिसतात.

माझा धोका वेगळा होता. आमचे करार वर्षावर्षाचे असतात. मोसमाच्या शेवटी बेंचवर बसलेल्या चौतीस वर्षांच्या सेंटरला पुढच्या वर्षी कोण घेणार? हे मला कळत होतं, मॅडमनाही कळत होतं. त्यांनी मला दोन कामं दिली. एक, उंच माणसाला बुटक्याने कसं छळायचं ते पोरांना शिकवायचं. उंच माणसाला काय नको असतं हे उंच माणसालाच माहीत. दुसरं, बेंचवरून आरोळ्या द्यायच्या. सेंटर मागे उभा असल्यामुळे त्याला सगळं मैदान दिसतं, म्हणून अदलाबदलीच्या आरोळ्या आमच्याकडे पहिल्यापासून मीच देत असे.

आणि मी त्या मराठीत देत असे. याला मी फार मोठी अक्कल समजत होतो. बनारसमध्ये मराठी म्हणजे घरातली भाषा. साडीच्या दुकानात आई आणि मी मराठीत बोलतो, म्हणजे माल बरा आहे की टाकाऊ ते दुकानदाराला कळत नाही. आमच्या गल्लीत सगळेच असं करतात. तेच मी मैदानावर नेलं. 'तू घे' म्हणजे माणूस बदला. 'असू दे' म्हणजे आपापला सांभाळा. 'दोघं जा' म्हणजे सेंटरवर दोघांनी तुटून पडा. पॉइंट गार्ड आदित्य आमच्याच गल्लीतला, त्याला शिकवायची गरज नव्हती. उरलेल्या चौघांना, म्हणजे पंजाबच्या दोघांना, केरळच्या एकाला आणि हरियाणाच्या एकाला, मी चार महिन्यांत ही तीन वाक्यं घोटून घेतली. केरळचा तर 'असू दे' इतकं छान म्हणायचा की आईने त्याला चिवड्याचा डबा दिला.

स्मॉल बॉलने आम्ही सातपैकी सहा मॅच जिंकलो. मी बेंचवरून ओरडत होतो, टाळ्या वाजवत होतो आणि आतून जळत होतो. हे सांगायला चांगलं वाटत नाही, पण तसंच होतं.

सेमीफायनल पुण्याच्या संघाशी पडली, त्यांच्याशी आमची ही पहिलीच गाठ. तीनपैकी दोन मॅच जिंकायच्या, तिन्ही बनारसलाच, सिगऱ्याच्या स्टेडियमवर. पुण्याचा सेंटर अमेरिकन, पुरता सात फूट. नाव पुणे असलं तरी संघात दोन अमेरिकन आणि बाकी हरियाणा, राजस्थान, तामिळनाडूची मुलं. मैदानावर सगळे हिंदी-इंग्रजी बोलत. त्यांच्या मॅचच्या चित्रफिती मी दोन आठवडे पाहिल्या. तेव्हा मला एक गोष्ट दिसली. तो अमेरिकन चेंडू झेलला की उडी मारण्याआधी एकदा कमरेपर्यंत खाली आणतो. उंच माणसाने चेंडू वरच ठेवायचा असतो. खाली आणला की तो बुटक्याच्या हाताशी येतो.

हे मी पोरांना सांगितलं नाही. विसरलो असं म्हणता येईल, पण विसरलो नव्हतो.

पहिली मॅच आम्ही एकोणीस गुणांनी हरलो. काहीच जमलं नाही. आम्ही माणूस बदलायचो त्या क्षणाला त्यांचा पास नेमका मोकळ्या जागी जायचा. दोघं सेंटरवर गेले की चेंडू तिसऱ्याच कोपऱ्यात. मी घसा फोडून ओरडत होतो, आणि मी जितकं ओरडावं तितके ते नेमके खेळत होते. शेवटी संघाचे मॅनेजर मॅडमना सगळ्यांसमोर म्हणाले, "छोटे-छोटे लड़कों से बड़े मैच नहीं जीते जाते." निघताना मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "परसों शायद तुम ही शुरू करोगे. कल शाम को बात करते हैं."

संघ हरला होता आणि माझ्या मनात लाडू फुटत होते.

आई मॅचला आली होती. मी बॅग आवरून बाहेर आलो तर ती पुण्याच्या एका उंच पोरासमोर मान वर करून उभी होती. त्यांचा राखीव सेंटर, वयाने बावीस-तेवीस. त्याच्या बोटाला चेंडू लागला तेव्हा तो 'आई गं' म्हणाला, ते आईने तिसऱ्या रांगेतून ऐकलं होतं. सांगलीचा श्रीनिवास. आई त्याला म्हणत होती, "काशीत आला आहेस आणि हॉटेलात जेवतोस? उद्या दुपारी घरी ये."

आमच्याकडे ही जुनी रीत आहे. काशीला आलेला मराठी माणूस, ओळखीचा असो वा नसो, एक वेळ तरी घरी जेवून जातो. ह्यावर मी काही बोलण्यात अर्थ नव्हता. शिवाय त्या दिवशी मी खुशीत होतो, मी त्याला पत्ताही नीट समजावून सांगितला.

दुसऱ्या दिवशी श्रीनिवास आला आणि आल्या आल्या जिन्याच्या चौकटीवर त्याने कपाळ आपटलं. आईला फार बरं वाटलं. "म्हणजे सगळी लंबी मुलं एकसारखीच," ती म्हणाली. आम्ही दोघं स्वयंपाकघरात पाटावर गुडघे दुमडून बसलो तेव्हा आईला वाढायला जेमतेम वाट उरली. मटारची उसळ, वरणभात, मुळ्याची कोशिंबीर आणि गरम पोळ्या. नवव्या पोळीनंतर त्याने माझ्याकडे पाहिलं.

"प्रल्हाददादा, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार की."

"काल तुम्ही मुद्दाम मराठीत ओरडत होता का?"

मी घास हातात धरून थांबलो.

"नाही म्हणजे," तो घाईघाईने म्हणाला, "मला वाटलं ह्यात काहीतरी डाव असेल. पहिल्यांदा तुम्ही 'तू घे' म्हणालात तेव्हा मी दचकलोच. मी आमच्या कोचना सांगितलं, सर, हे आता माणूस बदलणार. बदलला. मग त्यांनी मला शेजारीच बसवून घेतलं. तुम्ही ओरडायचात, मी सांगायचो, ते हात करायचे. 'दोघं जा' म्हणालात की कोपरा मोकळा." त्याचा चेहरा उजळला होता. "सगळ्या सीझनमध्ये मी एकूण अकरा मिनिटं खेळलोय, दादा. काल पहिल्यांदा माझा काही उपयोग झाला."

पुणे महाराष्ट्रात आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मराठी ही दरवाज्याच्या आतली, आमच्या चार गल्ल्यांमधली गोष्ट, हे डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की तिच्यामागे एक अख्खं राज्य आहे हे मी साफ विसरलो होतो. चार महिने जपलेलं आमचं गुपित मी पुण्याच्या संघाला, तेही खणखणीत आवाजात, ऐकवत बसलो होतो. पोरं बुटकी होती म्हणून हरली नव्हती. माझ्यामुळे हरली होती.

"अजून एक पोळी घे," आई श्रीनिवासला म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

तो आईच्या पाया पडून गेला. जाताना चौकटीखाली वाकायला विसरला नाही. मी तिथेच पाटावर बसून राहिलो. हिशेब सोपा होता. ही गोष्ट घरात फक्त आम्हा दोघांना माहीत. मी गप्प बसलो तर मॅडम स्मॉल बॉल सोडणार, दुसऱ्या मॅचला मी खेळणार, आणि बरा खेळलो तर पुढच्या वर्षीचा करार. बोललो तर पुन्हा बेंच, आणि बहुतेक कायमचा.

"काल मी पण ऐकलं रे तुझं ओरडणं," आई ताटं उचलत म्हणाली. "मला वाटलं, किती साफ मराठी बोलतो माझा मुलगा."

"आई, सांगितलं तर मला परत बसावं लागेल."

"मग बस."

"माझं शेवटचं वर्ष आहे हे. कळतंय का तुला?"

आई नळाखाली ताट धरून उभी राहिली. "मला तुझा खेळ कळत नाही," ती म्हणाली. "पण त्या केरळच्या पोराला सगळे म्हणणार, तू बुटका म्हणून हरलो. त्याची काही गलती नसताना. आणि तू बसलास म्हणून काय बुटका होणार आहेस?"

मी उठलो आणि घाटावर गेलो. संकठा घाटाच्या पायऱ्यांवर तासभर बसलो. रोज सकाळी आमचा संघ मुन्शी घाटावरून पळायला सुरुवात करतो, वाटेत एका टपरीवर चहा पितो आणि संकठावर येऊन थांबतो. मी नेहमी शेवटी पोचतो. केरळचा पोरगा नेहमी पहिला असतो, आणि मी येईपर्यंत तो पायरीवर माझी पाण्याची बाटली धरून उभा असतो. चार महिन्यांत एकदाही तो माझ्याआधी निघून गेला नव्हता. ते आठवलं आणि मला माझी लाज वाटली. मी तिथूनच सिगऱ्याला निघालो.

मॅडमनी माझं सगळं ऐकून घेतलं. हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. फक्त म्हणाल्या, "और कुछ?"

मग अमेरिकनच्या कमरेचंही सांगितलं.

"ये कब से पता था?"

"दो हफ्ते से."

मॅडमनी कडेचा चेंडू उचलून माझ्या छातीवर मारला. "तो जाओ, सिखाओ."

मी अमेरिकन झालो. दोन तास पोरं आळीपाळीने माझ्या कमरेशी आलेला चेंडू हिसकावत होती. सुरुवातीला हुकत होती, नंतर हुकेनात. माझी मनगटं लाल झाली. माझ्याकडून चेंडू सुटला की आदित्य दर वेळी म्हणायचा, "सॉरी, प्रल्हाददादा." विसाव्या वेळी मी त्याला सांगितलं की आता सॉरी बंद कर.

आरोळ्यांचं काय करायचं, हा प्रश्न उरला. आदित्य म्हणाला, "सोपं आहे. मराठीच ठेवू या, फक्त मतलब उलटा. 'तू घे' म्हटलं की कुणी बदलायचं नाही. तो श्रीनिवास कोचला उलटं सांगेल."

डाव चांगला होता. मॅडमना तो समजावून सांगितला असता तर त्यांनी लगेच घेतला असता. पण तो पोरगा माझ्या घरी पोटभर जेवून गेला होता, आणि आपला उपयोग झाला ह्या आनंदात मला सगळं सरळ सांगून गेला होता. त्याच्याच कोचसमोर त्याला तोंडघशी पाडायचं मला जमणार नव्हतं. "तो आपल्याकडे जेवलाय," मी म्हणालो. आदित्य दूधविनायकचाच, त्याला पुढे समजवावं लागलं नाही.

तेव्हा केरळचा पोरगा म्हणाला, "भैया, मुन्शी से भागते हैं, संकठा पे रुकते हैं." एवढंच. मुन्शी म्हणजे हला, माणूस बदला. संकठा म्हणजे थांबा, आपापला सांभाळा. आणि जिथे सगळे जमतात ती टपरी, म्हणून दोघांनी सेंटरवर जायचं असेल तर 'चाय'. पाठ करायला कुणाला पाच मिनिटंही लागली नाहीत, रोज पायाखालून जाणारी वाट होती ती.

दुसरी मॅच काल दुपारी झाली. मॅडमनी पाच बुटके उतरवले तेव्हा मॅनेजरसाहेबांनी कपाळाला हात लावला. मी बेंचच्या टोकाला उभा राहून पहिल्याच मिनिटाला ओरडलो, "मुन्शी." पलीकडच्या बेंचवर श्रीनिवासने मान वर केली, त्याच्या कोचने त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याने खांदे उडवले. मग माझ्याकडे बघून तो हसला. मीही हसलो.

मॅच सोपी गेली नाही. अमेरिकनने सव्वीस गुण केले. पण पोरांनी त्याला दर वेळी बाहेर ओढलं, धावायला लावलं, आणि तिसऱ्या क्वार्टरअखेर तो गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहायला लागला. ते उभं राहणं मला चांगलं माहीत आहे. माझा आवाज चिरकायला लागला होता. शेवटची बावीस सेकंदं उरली तेव्हा आम्ही एका गुणाने पुढे होतो आणि चेंडू त्यांच्याकडे होता.

मॅडमनी टाइमआउट घेतला. चेंडू अमेरिकनकडेच जाणार हे सगळ्या स्टेडियमला कळत होतं. मॅडम माझ्याकडे वळल्या. "प्रल्हाद, जॅकेट उतारो."

ह्या वाक्याची मी दीड महिना वाट पाहत होतो. मी जॅकेटची चेन अर्धी खाली ओढली. वरच्या रांगांतून कुणीतरी माझं नाव पुकारलं, मग बरेच जण पुकारू लागले. बावीस सेकंदं. एकदा उडी मारायची, एकदा हात लावायचा, आणि पुढच्या वर्षी घ्यायला चार संघ येतील.

पण मी मागून मैदान बघणारा माणूस आहे. मला दिसत होतं पुढे काय होणार. मी उतरलो की ते अमेरिकनला चेंडू देणारच नाहीत. त्यांचा गार्ड मला बाहेर ओढणार आणि माझ्या बगलेतून निघून जाणार, कारण माझे पाय आता त्याच्यामागे पोचत नाहीत. मॅडमनाही ते दिसत असणार. हरल्या असत्या तर पुन्हा सगळ्यांनी बुटक्यांनाच बोल लावला असता, म्हणून त्या घाबरल्या होत्या. मी त्यांना पहिल्यांदाच घाबरलेलं बघत होतो.

"रहने दीजिए, मॅडम," मी म्हणालो. "यही पाँच."

"पक्का?"

"पक्का." मी चेन परत वर ओढली. गळ्याशी ती अडकली, दोनदा ओढावी लागली.

चेंडू आत आला, त्यांच्या गार्डने घड्याळ उतरू दिलं आणि शेवटच्या सेकंदांत तो अपेक्षेप्रमाणे अमेरिकनकडे गेला. त्याच्या पाठीला आमचा केरळचा पोरगा चिकटलेला, त्याच्याहून हातभर बुटका. माझ्या घशातून जेवढा आवाज निघाला तेवढ्याने मी ओरडलो, "चाय." आदित्य आपला माणूस सोडून धावला. अमेरिकनने उडी मारण्याआधी चेंडू कमरेपर्यंत आणला. आदित्यचा हात तिथे आधीच होता. चेंडू सुटला, जमिनीवर आपटला, केरळच्या पोराने त्याच्यावर अंग टाकलं आणि भोंगा वाजला.

पोरं एकमेकांवर पडली. मग उठून सगळी माझ्याकडे धावत आली, आणि मी त्या पाचांच्या खाली कुठेतरी होतो. मी रडलो. एक मिनिटही न खेळता जिंकलेली मॅच आयुष्यात पहिल्यांदा मला माझी वाटत होती.

हात मिळवायला पुण्याची रांग आली तेव्हा श्रीनिवास थांबला. "दादा, 'चाय' म्हणजे काय होतं?"

माझा आवाज पुरता बसला होता. मी खुणेने त्याला सांगितलं, तिसरी मॅच होऊ दे, मग घरी ये, सांगतो.

पुढच्या वर्षीच्या कराराबद्दल अजून कुणी काही बोललेलं नाही. मीही विचारलेलं नाही. निघताना मॅडम फक्त एवढं म्हणाल्या की तिसऱ्या मॅचसाठी आवाज सांभाळ, तुझ्याशिवाय ही पोरं आंधळी आहेत. त्यामुळे आज मी मुका बसलोय. आई सकाळपासून ज्येष्ठमधाची काडी चघळायला लावते आणि दर तासाला गरम पाणी आणून देते. मगाशी मी काही सांगायला तोंड उघडलं तर म्हणाली, "बोलू नकोस. उद्या मॅच आहे तुझी."